सव्वा अकराचा फोन

सव्वा अकरा होऊन गेले, पण फोन काही वाजला नाही.

भट्टीसाहेबांनी तो टेबलावर मुद्दाम उताणा ठेवला होता. समोर तिघे परीक्षक होते. मधल्या बाई कंपनीच्या अध्यक्ष, आणि त्या चष्म्याच्या वरून बघत होत्या. तीन कारखाने एकाच वेळी कसे सांभाळाल, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर पाठ होतं. पण साहेबांचा अर्धा जीव त्या काळ्या पडद्यात अडकलेला, त्यामुळे दुसरा कारखाना त्यांनी दोनदा सांभाळला आणि तिसरा राहूनच गेला.

एकोणीस वर्षं त्यांनी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात काढली होती. तिथली भट्टी कधीच विझू द्यायची नसते आणि ती जबाबदारी यांची, म्हणून हे नाव पडलेलं. वय चोपन्न. एवढ्या वरच्या खुर्चीसाठी आधी दोन मुलाखती झाल्या होत्या आणि दोन्हीकडून गोड शब्दांत नकार आला होता. कधीपासून याल, असं विचारल्यावर दोन्हीकडे त्यांनी छाती काढून सांगितलं होतं, "मला तिथून सुटायला सहा महिने तरी लागतील." आता ही तिसरी, आणि बहुधा शेवटची. सकाळी निघताना बायको म्हणाली, "अहो, नाही झालं तर नाही झालं." तिच्या या समजूतदारपणाचंच त्यांना जास्त वाईट वाटलं होतं.

फोनची युक्ती मेहुण्याची. मेहुणा विमे विकायचा आणि कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं.

"भावोजी, तुम्ही फार साधे. ऐन मुलाखतीत कारखान्यातून फोन आला पाहिजे. साहेब, भट्टी बिघडलीय, काय करू? तुम्ही दोन वाक्यांत निकाल लावायचा. कळू दे त्यांना, तुमच्यावाचून तिथे पान हलत नाही ते!"

साहेबांना हे फारसं पटलं नव्हतं. पण दोन नकार पचवलेला माणूस कशालाही मान डोलावतो. शिवाय त्यांना एक जुनी टोचणी होती. महिन्यातून एक दिवस ते फोन बंद करून कँटीनमध्ये बसून राहायचे आणि पाळीवरच्या लोकांना सांगायचे, आज मी नाहीच असं समजा. मालकाचा जावई त्याला चारचौघांत आळस म्हणाला होता. तेव्हापासून आपली तिथे खरंच गरज आहे का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. दिवसपाळीचा इंजिनिअर काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. या पैलवानाला त्यांनी काल तीनदा बजावलं होतं, सव्वा अकरा म्हणजे सव्वा अकरा.

अकरा पंचवीस झाले. आधीच्या उमेदवाराचा फोन त्याच्या मुलाखतीत बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येईल इतका वाजला होता. यांचा मेल्यासारखा पडून होता.

"तुमचं सगळं लक्ष फोनकडे आहे," बाई म्हणाल्या. "घरी काही अडचण?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी सुटले असते. पण भट्टीसाहेबांना खोटं बोलायला दुसऱ्याची मदत लागायची, आणि मदत तर आलीच नव्हती.

"नाही, मॅडम. भट्टी बिघडली म्हणून कारखान्यातून फोन यायचा होता. बिघडलेली नाही. मीच तसं सांगून ठेवलं होतं."

डावीकडचे गृहस्थ खोकले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग आला का नाही?"

"माहीत नाही."

"तुम्हीच लावा. आवाज मोठा करा, आम्हालाही ऐकू दे."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? साहेबांनी फोन लावला. यंत्रांच्या घरघरीतून पैलवानाचा आवाज आला.

"अरे देवा, सव्वा अकरा! माफ करा साहेब, साफ विसरलो. इथे खरंच घोळ झाला हो. भट्टीचा मोठा पंखा बंद पडला. जोडीचा चालू केला, एक लाइन थोडा वेळ थांबवली, आता तापमान जागेवर आहे. या गडबडीत खोटं सांगायचं राहूनच गेलं."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मुलाखत, परीक्षक, सगळं विसरले.

"अरे, मग मला फोन का नाही केलास?"

"तुम्हाला कशाला, साहेब?" पैलवान खरोखरच गोंधळला होता. "काय करायचं ते आम्हाला माहीत होतं की."

फोन बंद झाला. संपलं सगळं, असं साहेबांना वाटलं. लबाडी तर उघडी पडलीच, वर आपलं तिथे काही अडत नाही याची साक्षही निघाली. तरी पोरांनी भट्टी राखली याचा आनंद चेहऱ्यावर आलाच, तो काही त्यांना लपवता येईना.

"त्यांना हे कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"शिकवलं असं नाही." साहेब फाइल गोळा करत म्हणाले. "महिन्यातून एक दिवस मी कँटीनमध्ये बसतो."

बाईंनी खाली ठेवलेलं पेन उचललं.

"बसा. तुमच्यावाचून तिथे काही अडत नाही, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. मग एक तारखेपासून इकडे यायला काही हरकत?"