उजवा कौल

१०

"ही पाकळी तर डावीकडे पडली," राजाभाऊ म्हणाले.

"देवाची उजवी, राजाभाऊ. देव आपल्याकडे तोंड करून उभा आहे." हे शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना समजावून सांगावं लागतं, याची भास्करला गंमत वाटली. त्याने पुन्हा कळ दाबली.

टीव्हीच्या पडद्यावर ठिपक्यांचा देव होता, दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी. टकटक आवाज झाला आणि उजवी पाकळी खाली आली.

"आणि डावी?"

"डावी पडणारच नाही. तशी सोयच ठेवलेली नाही."

मुळात तो फळं झेलायचा खेळ. शाळेला सरकारी योजनेतून दोन कॉम्प्युटर मिळाले, त्यांच्याबरोबर कॅसेटवर आलेला. भास्करने फळाची पाकळी केली, टोपलीवाल्याचा देव केला.

"सोमवारी तुझी कायमची ऑर्डर काढतो," राजाभाऊ उठत म्हणाले. "उजवी पडली तर."

चार वर्षं हंगामी मास्तरकी केलेल्या भास्करला त्यातला 'तर' अजिबात टोचला नाही.

२०

आरे-वारेच्या अंगाला वाडीचा सडा होता, कातळाचं उघडं पठार. वर गवत, गुरं, एक झरा, खाली समुद्र. देवाच्या नावावरचा म्हणून त्याचं काय करायचं ते देवालाच विचारावं लागे. राजाभाऊंना तिथे हॉटेल हवं होतं. वाडीने कौल लावला, देवाच्या खांद्यांना पाण्याने पाकळ्या चिकटवून. उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. डावी पडली.

"गुरवाच्या बोटाला पाणी किती, त्यावर तुमचा देव बोलतो," राजाभाऊंनी भर देवळात सुनावलं. "यंत्राला विचारू. माणसाचा हात नको."

माणसं रुसतील, भांडतील, असं भास्करला वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत ती कबूल झाली. म्हातारा काशीराम गुरव निरोप घेऊन शाळेत आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"यंतराला आमची ना न्हाय. पन देवाला गाऱ्हानं मी घालनार, रीतीपरमानं. आनि राजाभाऊंनी नारलावर हात ठेवून सांगायचं, पडंल तो कौल. परत इचारनं न्हाय."

"नारळच काय, स्टँपपेपर देतो," राजाभाऊ म्हणाले, आणि खरंच दिला.

काशीराम गेल्यावर दोघं पोट धरून हसले.

२५

एकच काळजी होती. मालिनी.

ती गणिताची बाई. राहायची काशीरामच्याच पडवीत, भाड्याने. गेल्या वर्षी तिने कॅसेटवरच्या एका खेळात हात घातला होता. आभाळातून शत्रूची यानं उतरायची, त्यांच्या जागी हॉटेलं उतरू लागली. खाली तोफेऐवजी एक म्हैस. हरलं की पडद्यावर यायचं, 'सडा गेला'. मुलं मधल्या सुट्टीत डबे न खाता रांगा लावायची. राजाभाऊंनी खेळ पुसायला लावला आणि बाईंना ग्रंथालयात बसवलं.

भास्कर गेला तेव्हा तिथे ती पुस्तकांना चिठ्ठ्या डकवत होती.

"किती ओळींचा झाला प्रोग्राम, सर?"

"नव्वद. सगळ्या पाठ आहेत, तेव्हा मध्ये काही घुसवू नका."

ओळींना आकडे दहा, वीस, तीस असे. मधल्या मोकळ्या आकड्यांत कुणीही आपली ओळ सरकवावी. बाईंनी मागे तेच केलं होतं.

"मी हात लावत नाही. आपलं विचारते. चुकूनसुद्धा डावी पडणार नाही ना?"

"माझा प्रोग्राम आहे तो. तुमची म्हैस नव्हे."

"मग बरं," ती म्हणाली आणि पुढच्या चिठ्ठीला खळ लावू लागली.

हरलेल्या माणसाची ही गरिबी भास्करला नेहमीच हास्यास्पद वाटे.

३०

टीव्ही आणि कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपने देवळात आले. कॅसेट भास्करच्या शर्टाच्या खिशात होती. चार दिवस ती तिथून हलली नव्हती. तरी माणसं जमायच्या आत त्याने सगळ्या ओळी पडद्यावर काढल्या. दहा, वीस, तीस. बोट ठेवून नव्वदच्या नव्वद वाचल्या. मध्ये काहीही नव्हतं. एकदा चालवून पाहिलं. उजवी.

मालिनी बायकांत बसली होती, खांबाआड. यंत्राकडे बघतही नव्हती. वाडीतली सोनूबाई तिला पान देत होती आणि ती घेत होती. पदवीधर बाई, आणि बसायला ही संगत. भास्करने मान फिरवली.

पाहता पाहता सभामंडप भरला. पुढे बाप्ये, मागे बायका, चौथऱ्यावर पोरं. सगळे टीव्हीकडे हात जोडून बसलेले. राजाभाऊ भास्करच्या कानाशी वाकले.

"बघ. उद्या याला हारसुद्धा घालतील."

मग उभे राहून त्यांनी नारळावर हात ठेवला. "यंत्र देईल तो कौल मला मान्य. पुन्हा विचारणं नाही."

"ऐकलासा न्हवं समद्यांनी?" काशीरामने विचारलं. माना हलल्या.

४०

काशीरामने डोळे मिटले. आवाज खर्जात गेला.

"हे देवा म्हाराजा, आज तुजी लेकरं तुज्या दारात गोला झाली हायत."

"व्हय म्हाराजा," सभामंडप म्हणाला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी हे म्हणायचंच असतं. राजाभाऊही म्हणाले, हात जोडून, ओठांच्या कोपऱ्यात हसत.

"तुज्यापुढं ह्यो पेटारा मांडलाय. त्येच्या तोंडून तू बोल."

"व्हय म्हाराजा."

"राजाभाऊंनी नारलावर सबूद दिलाय. त्यो त्येंच्याकडनं पालून घे."

"व्हय म्हाराजा."

भास्करने बोट कळीवर ठेवलं. सोमवार आता तीन दिवसांवर होता.

"वाट चुकलेल्याला वाटंवर आन."

"व्हय म्हाराजा."

"आनि सडा कुनाला न देता हाय तसा तुजाच ऱ्हावा आसं तुज्या मनात आसंल, तर म्हाराजा, उजवा दे."

"व्हय म्हाराजा," राजाभाऊ सगळ्यांबरोबर म्हणाले, आणि टीव्हीत टकटक सुरू झाली.