हळू वाजणारा ट्रम्पेट

“हा सगळ्यात लहान ट्रम्पेट द्या,” वाद्यांच्या दुकानात शेवडे पुटपुटले. तीस वर्षं वाचनालयात लोकांना ‘हळू बोला’ म्हणत आलेल्या शेवड्यांना आता ट्रम्पेट शिकायचा होता. पण शेजाऱ्यांना कळू न देता.

दुकानदार मकबूलभाई हसले. “साहेब, लहान आहे म्हणून आवाज कमी नसतो. नळी तेवढीच, फक्त जास्त गुंडाळलेली.” त्यांनी तो ओठांना लावून फुंकला. गल्लीतलं झोपलेलं कुत्रं दचकून उठलं. “शिवाय नवशिक्याला धरायला अवघड. नेहमीचाच घ्या.”

“मग राहू द्या,” म्हणत शेवडे चपला शोधू लागले.

“निदान वाजवून तरी बघा.”

नाही म्हणायचंही त्यांचं धाडस होईना. त्यांनी नेहमीचा ट्रम्पेट उचलला आणि गाल फुगवून फुंकला. रेडकू ओरडावं तसा आवाज निघाला. शेवड्यांचे कान तापले.

समोर बँडच्या कोटाला बटणं लावत बसलेला म्हातारा मान वर न करता म्हणाला, “गाल नका फुगवू. दम पोटातून येऊ द्या.”

हसलं कुणीच नव्हतं. शेवड्यांनी पोटभर श्वास घेतला आणि या वेळी मुद्दामच जरा जोरात फुंकलं.