मागच्या सीटवरून

"उडाला का रे ताफा?" महायुद्धात विमान चालवणाऱ्या जर्मन कमांडरचा तो आवाज मागच्या सीटवर बंदूक सांभाळणाऱ्या गनरच्या कानांत अजून होता. बॉम्ब सोडून विमान वर खेचताना कमांडरला अंधारी यायची. मागे तोंड करून बसलेल्या गनरलाच खालचं दिसायचं. "उडाला, साहेब," एवढंच तो म्हणाला होता. साहेबांना पदक मिळालं.

"आजोबा, मला घाला ना!" इतक्या वर्षांनी भेटायला आलेल्या गनरसमोर म्हातारा कमांडर ते पदक नातीच्या गळ्यात घालणार, तोच गनरनं त्याचा हात धरला.

"नको, साहेब. तो ताफा सैन्याचा नव्हता. घरदार सोडून निघालेली माणसं होती. गाड्यांना पाळणे बांधले होते. तुमच्या जिवाला लागेल म्हणून बोललो नाही."

कमांडरला नातीकडं बघवेना.

"पाळणे मलाही दिसले होते रे," तो म्हणाला. "खाली झेपावतानाच."