गुढी नसलेलं घर

बाळांनो, एक गल्ली डोळ्यांसमोर आणा. पाडव्याची सकाळ आहे. दारोदारी गुढ्या उभ्या आहेत आणि निजाम सरकारचा जमादार दोन शिपाई घेऊन एकेक गुढी आडवी करत चालला आहे. तांबे दगडांवर आपटत आहेत. आता त्या गल्लीतल्या अयोध्या नावाच्या पोरीच्या दारात उभे राहा. तिच्या दारात गुढीच नाही.

गाव परंड्याकडचं, सीनेच्या काठावर. साल सेहेचाळीस. नदीच्या अल्याड निजामाचं राज्य, पल्याड इंग्रजाचा मुलूख. पल्याड नुकतीच निवडणूक झाली होती. लोकांनी मतं टाकून आपली माणसं कारभारावर बसवली होती. अल्याडच्या सरकारला त्याचाच घोर लागला. आज पल्याड, उद्या इथंही लोक मताचा हक्क मागतील! मग वरून हुकूम सुटला: पल्याडच्या निवडणुकीची खुशी आपल्या राज्यात कुणी करायची नाही. झेंडा नाही, साखर नाही.

जमादारानं गल्लीत पाऊल टाकलं, तर घरोघरी काठ्या, काठ्यांना कापडं आणि वर साखरेच्या गाठी. पाडवा दरसाल येतो हे त्याला ठाऊक होतं. पण हुकूम ताजा होता.

"सरकार, सण हाय आज," शेजारचा कोंडीराम हात जोडून म्हणाला. "विलेक्शन म्हंजी काय, ते बी ठावं न्हाय आमाला."

"ठावं न्हाय? मग सगळ्या गावाला एकाच दिवशी खुशी कशी झाली?"

कोंडीरामाची गुढी खाली आली.

पुढचं घर हरिबाचं, म्हणजे अयोध्येच्या बापाचं. जमादार थांबला. वर पाहिलं. काठी नाही, कापड नाही.

अयोध्येची आई पौषात गेली होती. तापानं फणफणलेल्या बायकोला बैलगाडीत घालून हरिबा पल्याडच्या दवाखान्यात निघाला होता. याच जमादारानं परवान्यासाठी ती गाडी नाक्यावर दुपारपर्यंत अडवून ठेवली. गाडी नाक्यावरूनच माघारी फिरली. माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण करत नाहीत. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. जमादाराला मात्र ना ती गाडी आठवत होती, ना तो माणूस.

"बघा!" तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला. "अख्ख्या गावात एकच वफादार! यानं न्हाय केली पल्याडची खुशी. व्हय ना रे?"

गल्ली हरिबाच्या तोंडाकडं बघत राहिली. हरिबाचे ओठ हलले. शिपायाच्या हातातली काठीही हलली.

"व्हय, सरकार," हरिबा म्हणाला.

कोंडीरामानं मान फिरवली.

जमादार खूश झाला. कोंडीरामाच्या पडलेल्या गुढीची गाठी तोडून त्यानं ती अयोध्येच्या गळ्यात घातली. "घे पोरी, सरकारचं इनाम." आणि तो पुढच्या दाराकडं वळला.

अयोध्येनं बापाकडं पाहिलं.

"बा, आई सरकारसाठी मेली व्हय?"

डोक्याचं मुंडासं सोडून हरिबानं तोंडावर धरलं.

अयोध्येनं गळ्यातली गाठी काढली आणि कोंडीरामाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मग घरात जाऊन ट्रंकेतलं आईचं हिरवं लुगडं काढलं. आई पाणी प्यायची तो तांब्या घेतला. अंगणात ती गाडी उभी होती. तिच्या कडेला खोचलेली एक उभी काठी, उभारी, तिनं दोन्ही हातांनी उपसून काढली. लुगडं बांधलं, वर तांब्या पालथा घातला. उंबऱ्यापाशी ती काठी घट्ट रोवून धरली आणि गल्लीच्या टोकाला पोचलेल्या जमादाराला मोठ्यानं हाक मारली:

"ओ सरकार, आमची राहिली की!"