फ्लॅश न लावता

आयटीतल्या नोकरीचा पहिला बोनस हातात आला, तसा विश्वजीत डीएसएलआर घ्यायला निघाला. बजेट तीस हजार. लोणी काळभोरहून आलेले त्याचे वडील, आबा, सोबत होते.

कॅमेऱ्याची खरी परीक्षा कमी उजेडात होते, असं त्याने नेटवर वाचलं होतं. म्हणून दुकानात त्याने आबांच्या हातात कॅमेऱ्याचं रिकामं खोकं देऊन त्यांना भिंतीपाशी उभं केलं आणि फ्लॅश न लावता फोटो काढला. स्क्रीनवर मोठा करून बघितला, तर खोक्यावरची अक्षरं पुसट.

"दुसरा दाखवा."

चोवीस हजारांच्यात पुसट आली होती, अठ्ठाविसाच्यातही पुसटच आली. शेवटी अडतीस हजारांचाही बघून झाला.

"यातही तेच. अजून वरचा काढा, मी बजेट वाढवतो."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"साहेब, जास्तीचे पैसे मला नको आहेत असं नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथीसुद्धा वाचता येताहेत. कॅमेरे तिन्ही चांगले आहेत."

विश्वजीतने मान वर करून आबांकडे पाहिलं.

आबांनी खोकं काउंटरवर ठेवलं. डाव्या हाताने उजवा हात धरला आणि नेहरू शर्टाच्या खिशात घातला.

"आता काढ," ते म्हणाले. "त्यो पयला, स्वस्तातलाच घे. त्यात बी चांगला यील."