कुंदाबाईच्या गोळ्या

"प्रयोग करून राहिले ते आपल्यावर," चेतना म्हणाली. "उंदरावर करते तसा. मी नाही येत."

कुंदाबाईने भाताची गंजी चुलीवरून खाली उतरवली. "नोको येऊ. मी जाऊन राहिली."

दोघी सख्ख्या बहिणी. दोघींनाही सिकलसेल. या दुखण्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि मग हाडं कोणीतरी आतून फोडतंय असं वाटतं. थोरली कुंदाबाई कोहमाऱ्याच्या चौकात ढाबा चालवायची. धाकटी चेतना कॉलेज अर्धवट सोडून तिच्याकडे येऊन राहिली होती. वर्गात बसणंच होत नव्हतं.

गोंदियाच्या एका दवाखान्यात नव्या औषधाचा अभ्यास सुरू होणार होता. त्यासाठी डॉक्टर दुर्गेश्वरी गावोगाव सभा घेत होत्या.

"हे औषध बाहेरच्या देशांत तपासलंय," त्या सांगत. "आपल्या झाडीपट्टीतल्या माणसांना लागू पडतं का, ते कोणी पाहिलेलंच नाही. तुमच्या नेहमीच्या गोळ्या चालूच राहतील. त्यावर ही एक. निम्म्या लोकांच्या गोळीत औषध असेल, निम्म्यांच्या नसेल. कोणाला कुठली मिळाली, ते शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

सभेत सगळे माना खाली घालून बसले. दुधराम पटेल तेवढे बोलले. त्यांच्या नातवाला हाच आजार होता. "आमच्या पोट्ट्याले काही झालं तं कोण पाहीन?"

तेव्हा कुंदाबाईने हात वर केला. तालुक्यातली ती पहिली.

लोक तिच्यावर नजर ठेवून होते. गोंदियाची बस आली की पानठेल्यावरची माणसं वाकून पाहायची. कुंदाबाई उतरायची, पदर सावरायची आणि ताठ मानेने ढाब्याकडे चालू लागायची.

"आराम पडला का?" दुधराम पटेलांनी एकदा विचारलंच.

"तुमच्यासमोर उभी आहो न मी."

पावसाळा संपता संपता चेतनाचं मन बदललं. "ताई, मी पण येतो," ती म्हणाली. तिच्यामागून आणखी घरं तयार झाली. दुधराम पटेल स्वतः नातवाला घेऊन गेले.

चेतनाला फरक पडायला वेळ लागला नाही. दुखण्याच्या झटक्यांमधलं अंतर वाढत गेलं. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. तिने कॉलेजात पुन्हा नाव घातलं, सायकल काढली. एका संध्याकाळी ती गावच्या तलावाच्या बांधावरून सायकल हाणत आली, तेव्हा कुंदाबाई ढाब्याच्या दारात उभी राहून किती तरी वेळ पाहत राहिली.

कुंदाबाईचंही बरं चाललं होतं. तव्यासमोर उभं राहायला तिने बाई ठेवली. "मालकीण झाली मी. कायले उभी राहू?" ती हसून सांगायची. गल्ल्याशेजारी खुर्चीत बसून हुकूम सोडायची. मधूनच ढाब्याचा माल आणायला गोंदियाला जायची आणि दोन-तीन दिवस मावसबहिणीकडे मुक्काम करायची.

अभ्यास संपला. औषध लागू पडल्याचं सिद्ध झालं. आता ते सगळ्यांनाच मिळणार होतं. गोंदियात सभागृहात कार्यक्रम ठेवला होता आणि पहिला सत्कार कुंदाबाईचा होता. तिने लग्नातली साडी नेसली होती. चेतना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माही ताई होय. सगळ्यांत आधी तीच गेली."

कार्यक्रमाआधी डॉक्टर दुर्गेश्वरींनी दोघींना बाजूला बोलावलं. कोणाला कुठली गोळी होती, ते आता सांगायला हरकत नव्हती.

"चेतना, तुझ्या गोळीत औषध होतं." त्या थोरलीकडे वळल्या. "कुंदाताई, तुमच्या नव्हतं."

चेतनाला हसू आलं. "चूक झाली असन मॅडम. ताईले तं एकदाही दुखलं नाही."

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. गोंदियाच्या मुक्कामातले ते दिवस कुंदाबाई त्यांच्याच वॉर्डात, सलाईन लावून, उशी दातात धरून काढायची. प्रत्येक झटका तिने त्यांना खरा खरा सांगितला होता. फक्त त्यांनाच.

चेतनाचं हसू मावळलं. तिने बहिणीकडे पाहिलं. "तुले ठाऊक होतं?"

"तू सायकलवर बसली तवाच समजलं."

"मंग काऊन येत राहिली? सोडून द्याचं होतं न."

आतून माइकवर कुंदाबाईचं नाव पुकारलं गेलं. तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या.

"तू किती बरी झाली, हे मोजाले बाजूले कोणी दुखणारं पाहिजे होतं न," ती म्हणाली. "ते मी होती."