फहीमाचा डावा हात

जरा जवळ सरकून बसा. दोन हातांची गोष्ट आहे, लांबण लावणार नाही.

पीरबाबांच्या मौलिदच्या, म्हणजे उरुसाच्या, मांडवात फहीमा भाकऱ्यांची टोपली शालीनं झाकून बसून राहिली होती. लेक सुखरूप बाळंत झाली तर शंभर भाकरी वाटीन, असा तिचा नवस. लेक सुटली, नात गुटगुटीत झाली. पीठ उन्हात फुगवून मग भट्टीत भाजलेल्या भाकऱ्या अजून ऊन होत्या. समोर रांग ताटकळत होती, आणि फहीमाचा हात काही टोपलीत जाईना.

कारण तिची जाऊ अतियात. आदल्या दिवशी मांडवात भक्तिगीतं म्हणणाऱ्या शेख रुश्दींनी गात गात सांगितलं होतं, की उजव्यानं केलेल्या दानाचा डाव्याला सुगावाही लागू नये. अतियात लगेच कानाशी लागली, "तुझं कसं व्हायचं गं? तुझ्या दानाचा साक्षीदार तुझ्याच खांद्याला लटकलाय."

खोटं नव्हतं ते. फहीमाचा उजवा हात जे करी, तेच डावा करी. जन्मापासून. उजव्यानं चहा ढवळला, की डावा हवेत ढवळायचा. अस्यूत शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं, "बाळ पोटात घडताना मेंदूचे तंतू मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात. त्या तंतूंच्या अंगावर डीसीसी नावाचं प्रथिन असतं. त्या रेघेकडून येणारी हाक ऐकणारा कानच म्हण. तुझ्यात तो कान कमी पडला. काही तंतू अलीकडेच राहिले, म्हणून एकच हुकूम दोन्ही हातांना पोचतो."

शेख स्वतःच रांगेत होते. दृष्टी नव्हती त्यांना. काठी टेकत पुढे आले आणि तळवा पसरला.

"वास येतोय, लेकी. भाकरी येत नाहीये."

फहीमानं सगळं सांगून टाकलं. "माझ्या डाव्याला कळतंच, मौलाना. नवस फिटायचा कसा?"

शेखांनी विचारलं, "आणि कळल्यावर काय करतो तो? चुगली?"

मागे कोणीतरी हसलं.

"नाही. तोही पुढे होतो. उजव्यासारखाच."

"रिकामा?"

"रिकामाच."

"अगं, मग तो बिचारा द्यायला निघालाय, आणि तू त्याला रिकामा पाठवतेस."

फहीमानं शाल बाजूला केली. उजव्या हातात एक भाकरी आली, डाव्यात एक. दोन्ही हात बरोबरच पुढे झाले. बघता बघता एका रांगेच्या दोन रांगा झाल्या. डाव्या हातासमोर पहिली येऊन उभी राहिली ती अतियात, मान खाली घालून.

कुणाच्या हातावर भाकरी ठेवाल, तेव्हा फहीमाची आठवण ठेवा. आणि तिच्या त्या डाव्या हाताचीही, जो इतकी वर्षं जवळ काही नसतानाही द्यायला पुढे येत होता.